चीनहून आलेल्या युद्धकाळातल्या बंदुका : नव्याने जमवू पाहणाऱ्यांसाठी

जुन्या लष्करी रायफली जमवणाऱ्यांत एक न बोललेली उतरंड असते. सगळ्यांत वर स्विस आणि स्वीडिश माल : तुकतुकीत पोलाद, प्रत्येक भागावर तोच नंबर. मग जर्मन, मग फिनिश, मग रशियन. अगदी तळाला चीनहून आलेला माल. गन शोमध्ये तो टेबलाच्या कडेला नाहीतर टेबलाखाली असतो. नळी काळवंडलेली, दस्त्याला भेग, बोल्टचा (काडतूस आत ढकलून मागून बंद करणाऱ्या दांड्याचा) नंबर एक आणि रिसीव्हरचा (तो दांडा ज्यात बसतो त्या मुख्य सांगाड्याचा) भलताच. नवखा माणूस त्याकडे बघतो, नाक मुरडतो आणि पुढे जातो.

माझं म्हणणं असं, की नाक मुरडण्याआधी थोडं थांबावं. १९११ ते १९५३ या काळात चीनमध्ये लढाई थांबली अशी वर्षं फारच थोडी. त्या मुलखातली रायफल एका सैन्याकडे राहिली नाही. सातबाऱ्यावर फेरफार चढत जावेत तशा तिच्या अंगावर एकेका मालकाच्या खुणा चढत गेल्या. त्या वाचता आल्या तर जर्मन रायफलीपेक्षा ती कितीतरी जास्त सांगते, आणि वाचता आल्या नाहीत तर दुकानदार सांगेल ती गोष्ट खरी मानून पैसे मोजावे लागतात. म्हणून खालच्या पायऱ्यांत खरेदी बरीच उशिरा येते.

हा लेख मुख्यतः अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकासाठी आहे. चीनमध्ये १९९६ च्या बंदूक कायद्याने खासगी मालकी जवळजवळ बंदच आहे, म्हणजे ज्या देशाचा हा इतिहास तिथे तो फक्त संग्रहालयात बघायचा. कॅनडात ऑक्टोबर २०२२ पासून पिस्तुलांची नवी खरेदी गोठवली आहे. भारतात शस्त्र कायदा १९५९, त्यात २०१९ ची दुरुस्ती (एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोन बंदुका) आणि आयातीवरची बंधनं बघता असा संग्रह उभा राहणं शक्य नाही. भारतात बसून हे वाचत असाल तर इतिहास म्हणून वाचा.

पायरी पहिली : आपला व्हिसा बघा

हे सगळ्यांत आधी, कारण आपल्याकडचे बरेच जण इथेच अडखळतात. अमेरिकी संघीय कायद्याप्रमाणे तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाने, म्हणजे एच-१बी, एल-१, एफ-१ वगैरे, बंदूक विकत घेणं तर सोडाच, जवळ बाळगणंही गुन्हा आहे. वैध शिकार परवाना असेल तर त्याला अपवाद आहे. पण ग्रीन कार्डची रांग लागलेली असताना त्या अपवादाच्या भरवशावर राहायचं असेल, तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, गन शोमधल्या विक्रेत्याला नाही. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर अडचण नाही.

घरात एक जण नागरिक आणि दुसरा व्हिसावर, अशी जोडपी पुष्कळ. तिथे तिजोरीची किल्ली किंवा कोड कोणाकडे आहे हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. नागरिक असलेल्यानेच तो आपल्याकडे ठेवावा.

पुढचा टप्पा म्हणजे संग्राहकाचा परवाना. त्याला सगळे 'सी अँड आर' म्हणतात, कागदोपत्री तो 'टाईप ०३'. वय २१ पूर्ण हवं, फी तीन वर्षांना ३० डॉलर. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली बंदूक या परवान्यावर दुसऱ्या राज्यातूनही थेट घरी मागवता येते. बदल्यात प्रत्येक आवक-जावक एका वहीत नोंदवावी लागते. ती वही अधिकारी मागू शकतात, म्हणून ती नीट ठेवा. हा परवाना धंद्याचा नाही. घेऊन लगेच नफ्यावर विकायची सवय लागली तर तो तुम्हाला वाचवणार नाही. राज्याचे कायदे वर वेगळे आहेतच. न्यू जर्सीत पिस्तुलामागे स्वतंत्र परमिट लागतं, आणि आपली निम्मी मंडळी तर तिथेच राहतात.

१८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक संघीय कायद्याने 'अँटिक' ठरते आणि या सगळ्यातून सुटते. चीनच्या बाबतीत हे कामाचं आहे. छिंग राजवटीने, म्हणजे चीनच्या शेवटच्या बादशाहीने, विकत घेतलेल्या जर्मन गेव्हेर ८८ रायफलींपैकी बऱ्याच १८९० च्या दशकातल्या आहेत.

पायरी दुसरी : चार कालगणना समजून घ्या

चिनी मालात 'टाईप' हा शब्द सगळीकडे भेटतो आणि त्यापुढचा आकडा दर वेळी वेगळ्या पंचांगातला असतो. हानयांग ८८ या चिनी रायफलीतला ८८ म्हणजे जर्मन मूळ रायफलीचं १८८८ साल. राष्ट्रवादी चीनचा नेता च्यांग कै-शेक याच्या नावाची रायफल म्हणजे टाईप २४. इथे २४ हे चिनी प्रजासत्ताकाचं वर्ष, त्यात १९११ मिळवा, १९३५ येतं. जपानी टाईप ३८ मेईजी सम्राटाच्या ३८ व्या वर्षाची, म्हणजे १९०५ ची. जपानी टाईप ९९ मधले ९९ हे जपानी साम्राज्याच्या २५९९ व्या वर्षाचे शेवटचे दोन अंक, म्हणजे १९३९. आणि टाईप ५३ किंवा ५६ म्हणजे सरळ इसवी सन, कारण १९४९ नंतर कम्युनिस्टांनी इसवी सन स्वीकारला.

हे एकदा पक्कं झालं की निम्म्या थापा तिथेच उघड्या पडतात. 'टाईप ५३, दुसऱ्या महायुद्धातली' असं लेबल मी पाहिलेलं आहे.

मग चिनी अंक शिका. दहाच चिन्हं आहेत, एका संध्याकाळचं काम. एक, दोन, तीन म्हणजे तितक्या आडव्या रेघा. चार म्हणजे चौकोनी खोका, आत दोन छोट्या रेघा. दहा म्हणजे अधिकचं चिन्ह. अधिकच्या आधी दोन रेघा आणि नंतर चार दिसला तर चोवीस. आडव्या खोक्यातून उभी रेघ आरपार गेलेली दिसली तर ते 'चुंग', म्हणजे मध्य, चीनच्या नावातलं पहिलं अक्षर. च्यांग कै-शेक रायफलीचं चिनी नाव 'चुंग-चंग' याच अक्षराने सुरू होतं, म्हणून ते रिसीव्हरवर शोधायचं. छिंग काळातल्या हानयांगवर राजाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. ग्वांगशू कारकिर्दीचं पहिलं वर्ष १८७५.

पायरी तिसरी : मुख्य बंदुका ओळखा

हानयांग ८८. चांग चि-तुंग या छिंग सुभेदाराने यांगत्सेकाठच्या हानयांगला कारखाना उभारला आणि १८९५ च्या सुमाराला तिथे ही रायफल बनू लागली. मूळ जर्मन नमुन्याच्या, म्हणजे गेव्हेर ८८ च्या, नळीभोवती पत्र्याचं आवरण होतं, चिनी कारागिरांनी ते पुढे काढून टाकलं. १९३८ मध्ये वूहान पडायच्या बेतात आल्यावर यंत्रसामग्री आत पश्चिमेकडे हलवली आणि उत्पादन चालू ठेवलं. म्हणजे जर्मनीने जिला दहा वर्षांतच जुनी ठरवली, ती रायफल चीनने अर्धं शतक बनवली. तिच्यात पाच काडतुसांची लोखंडी क्लिप अख्खी आत जाते आणि रिकामी झाली की खालून पडते. क्लिप नसेल तर दर वेळी एकच गोळी भरावी लागते, म्हणून रायफल घेताना क्लिपही मागा.

च्यांग कै-शेक रायफल. जर्मन माउझरच्या 'स्टँडर्डमोडेल'ची नक्कल, नळी ६०० मिलिमीटर, काडतूस ७.९२ बाय ५७. होनान प्रांतातल्या कुंगशियान कारखान्यात १९३५ मध्ये सुरू झाली. जपानी सैन्य आत घुसल्यावर हे काम चुंगकिंगच्या २१ क्रमांकाच्या कारखान्यासारख्या ठिकाणी गेलं. युद्ध जसजसं चिघळलं तसतशी घडणीतली सफाई कमी होत गेली, आणि उशिराच्या रायफलींवर कानशीचे ओरखडे स्पष्ट दिसतात. हा दोष मानू नका, त्यावरूनच काळ ओळखता येतो.

मुकडेन टाईप १३ ही माझी लाडकी. मांचुरियाचा (ईशान्य चीनचा) सरदार चांग त्सो-लिन याच्या मुकडेन कारखान्यातली. आतला बोल्ट माउझर धाटणीचा. पण दस्ता जपानी पद्धतीचा दोन तुकड्यांत जोडलेला, वर सरकणारं धूळरोधक झाकण, आणि रिसीव्हरवर वायू बाहेर पडायला दोन भोकं, हे सगळं अरिसाकावरून, म्हणजे टाईप ३८ सारख्या जपानी रायफलीवरून, उचललेलं. १८ सप्टेंबर १९३१ नंतर कारखाना जपान्यांच्या हाती गेला, म्हणजे एकाच छताखालच्या मालाला दोन मालक. अशी रायफल स्वस्तात दिसली तर भाव करत बसू नका.

या तिघींच्या जोडीला झेक व्हीझेड-२४ आणि बेल्जियन एफएन आहेत. दोन्ही चीनने घाऊक विकत घेतल्या. जपानी टाईप ३८ आणि ९९ चीनने रणांगणावर किंवा १९४५ च्या शरणागतीत मिळवल्या. टाईप ३८ ला युद्धानंतर ७.६२ बाय ३९ च्या काडतुसासाठी नळी बदलून आखूड केलेला प्रकार जरूर बघा. जपानी रायफल, चिनी कारखान्यात रूप पालटलेली, सोव्हिएत काडतूस खाणारी. जपानी रिसीव्हरवरचं सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल घासलेलं आहे की शाबूत, हेही टिपून ठेवा. शरणागतीच्या वेळी दिलेल्या रायफलींवर ते सहसा घासलेलं असतं.

मराठी माणसाला या मालातले दोन धागे जास्त जवळचे वाटावेत. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर गेले, उत्तर चीनच्या डोंगराळ भागात कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीसोबत राहिले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या तंबूबाहेरच्या सैनिकांच्या खांद्यावर होत्या त्या बहुतांशी हानयांग आणि हिसकावून घेतलेल्या टाईप ३८. दुसरा धागा रामगढचा, आजच्या झारखंडमधला. १९४२ पासून तिथे चिनी तुकड्यांना अमेरिकी शस्त्रांवर शिकवलं गेलं, त्यात पहिल्या महायुद्धातल्या एम १९१७ रायफली होत्या. टोरांटोच्या जॉन इंग्लिस कंपनीने चीनसाठी बनवलेली ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तुलंही भारतमार्गे, हिमालयावरून विमानाने जायची होती. डाव्या बाजूला कोरलेली चिनी अक्षरं आणि नंबरात 'सीएच' असेल तर ते चीनच्या ऑर्डरमधलं पिस्तूल.

पहिली खरेदी म्हणून मात्र मी यातलं काहीच सुचवणार नाही. टाईप ५३ घ्या. सोव्हिएत एम ४४ कार्बाईनची चिनी नक्कल, बाजूला दुमडणारी संगीन कायमची जोडलेली. १९८० च्या दशकात भरपूर आल्या, सुटे भाग मिळतात, काडतूस ७.६२ बाय ५४ आर अजून बनतं. हात बसेल, डोळा तयार होईल, आणि पुढे महागडी चूक व्हायची शक्यता कमी होईल.

पायरी चौथी : माल आला कुठून, ते विचारा

वाटा दोनच. एक म्हणजे अमेरिकी सैनिकांनी घरी आणलेल्या बंदुका : १९४५ नंतर उत्तर चीनमध्ये असलेले मरीन, कोरियातले, व्हिएतनाममधले. कोरियात १९५० च्या हिवाळ्यात उतरलेल्या चिनी तुकड्यांकडे अरिसाका, माउझर आणि राष्ट्रवादी सैन्याकडून मिळवलेली अमेरिकी हत्यारं एकत्रच होती, त्यामुळे या वाटेने काहीही आलेलं असू शकतं. सैनिकाचा परवानगीचा कागद सोबत असेल तर किंमत बरीच वाढते. बॅगेत मावावी म्हणून दस्ता नळीला बांधणाऱ्या पट्टीखाली करवतीने कापलेला असतो. पट्टी सरकवून बघा, बारीक सांधा दिसतो.

दुसरी वाट व्यापारी आयातीची. १९६८ च्या कायद्याने लष्करी सरप्लस बाहेरून आणणं थांबवलं होतं, १९८४ मध्ये जुन्या संग्राह्य मालासाठी दार किलकिलं झालं, आणि चीनने गोदामं रिकामी करायला काढली. मे १९९४ मध्ये क्लिंटन सरकारने चिनी बंदुका आणि काडतुसांची आयात बंद केली. चीनच्या गोदामातला माल आला तो मुख्यतः या दहाएक वर्षांत. अशा बंदुकीवर आयातदाराचं नाव आणि गाव कोरलेलं असतं : 'सीएआय सेंट अल्ब व्हीटी' म्हणजे व्हरमाँटची सेंच्युरी, 'सीजेए' म्हणजे मिशिगनमधली. हा शिक्का असला की 'आजोबांनी कोरियाहून आणली' ही गोष्ट संपली. नळीवर ताजी घासल्याची जागा दिसली तर तिथे शिक्का होता असं धरून चाला. मूळ नंबर खोडलेला असेल तर हात लावू नका, तो संघीय गुन्हा आहे.

पायरी पाचवी : नकलांचा बाजार

चीनमध्ये नक्कल ही नवी गोष्ट नव्हे, आणि म्हणूनच इथे गंमत आहे. १९१९ ते १९२९ पर्यंत परदेशी राष्ट्रांनी चीनला शस्त्रं विकायची नाहीत असा करार केला होता. सरदारांना तर शस्त्रं हवीच होती. मग गावोगावच्या लहान भट्ट्यांतून ब्राउनिंग आणि माउझरच्या हाताने घडवलेल्या प्रतिकृती निघाल्या. कारागिराला रोमन लिपी येत नव्हती, पण शिक्का असला की भाव येतो हे त्याला कळत होतं. म्हणून उलटा एन, अर्थ नसलेली अक्षरांची ओळ, एकाच पिस्तुलावर दोन कंपन्यांची चिन्हं. संग्राहक त्यांना 'मिस्टरी पिस्तूल' म्हणतात आणि त्यांचा स्वतंत्र चाहतावर्ग आहे. तुम्ही घेतलीत तर ती भिंतीवरच ठेवा. अशा पोलादात गोळी घालून बघायचं धाडस करू नका.

ही जुनी नक्कल हा इतिहास झाला. नव्या नकलेचं तसं नाही. सगळ्यांत बदनाम उदाहरण शान्शीच्या टाईप १७ चं. येन शी-शान हा शान्शीचा सरदार. त्याच्या तायुआन कारखान्यात ब्रूमहँडल माउझर (झाडूच्या दांड्यासारख्या गोल मुठीचं जर्मन पिस्तूल) मोठं करून .४५ च्या काडतुसासाठी बनवलं, कारण थॉम्प्सन सबमशीनगनही तिथे त्याच काडतुसाची बनत होती. डाव्या बाजूला 'सतरावं वर्ष' हा नमुना, उजव्या बाजूला 'प्रजासत्ताकाचं अठरावं वर्ष, शान्शी', आणि मॅगझिन चापाच्या कड्याच्याही खाली उतरलेलं. खरी थोडी, भाव भरमसाट, म्हणून नंतर बनवलेल्या प्रती बाजारात आल्या. नवशिक्याने टाईप १७ घेऊच नये. घ्यायचीच असेल तर जाणकाराच्या हातात देऊन, वेळ घेऊन.

दस्त्यावर कोरलेली चिनी अक्षरं, लाल तारे, सैनिकाचं नाव यांचंही तसंच. चाकूने खाच पाडायला पाच मिनिटं लागतात. खाचेच्या तळाशी तेच जुनं तेल आणि मळ दिसला पाहिजे. लाकूड आत फिकट असेल तर ते अक्षर अलीकडचं.

ब्रूमहँडल घेताना आणखी एक भान ठेवा. चीन हे त्याचं मोठं गिऱ्हाईक होतं, पण त्यातली 'श्नेलफॉयर' जात पूर्ण स्वयंचलित आहे. अमेरिकेत ती मशीनगन ठरते, सी अँड आर परवाना तिथे पुरत नाही. लाकडी दस्ता-कम-खोळ जोडण्याआधी एटीएफची (बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या संघीय खात्याची) सूट दिलेल्या मालाची यादी वाचा. तुमचं पिस्तूल आणि तुमचा दस्ता त्यात बसत नसेल तर जोडू नका.

पायरी सहावी : हातात घेतल्यावर

आधी रिकामी आहे ना ते स्वतः बघा, विक्रेता काहीही म्हणो. बोल्ट काढा. हानयांग किंवा गेव्हेर ८८ असेल तर बोल्टचं डोकं वेगळा भाग असतो. ते हरवलेलं असलं तरी बोल्ट आत बसतो, चाप ओढता येतो, आणि गोळी असेल तर ती मागे तुमच्या चेहऱ्याकडे येते. या एका गोष्टीसाठी प्रत्येक ८८ तपासायची.

नळीतून प्रकाश बघा. काळी नळी चिनी मालात नेहमीची. आटे दिसत असले तर ठीक, मधोमध फुगल्यासारखी गडद कडी दिसली तर सोडा. नंबर जुळत नसतील तर वाईट वाटून घेऊ नका. उलट सगळे नंबर जुळताहेत आणि अंकांचा ठसा एकाच हाताचा ताजा वाटतोय, तर मग संशय घ्या.

पायरी सातवी : चालवायची असेल तर

माझं मत : बहुतेक चालवू नयेत. चालवायचीच तर आधी बंदूक कारागिराकडून हेडस्पेस गेज (बंद बोल्ट आणि काडतूस यांमधली जागा मोजायचं माप) लावून तपासून घ्या. ८८ प्रकारात जुन्या नळ्या .३१८ इंची गोळीसाठी कापलेल्या असू शकतात आणि आजचं ८ मिलिमीटर माउझर काडतूस .३२३ चं असतं. नळी मोजल्याशिवाय ते घालायचं नाही. ब्रूमहँडलमध्ये टोकारेव्हचं ७.६२ बाय २५ काडतूस बसतं, पण ते जास्त जोराचं असतं, त्यासाठी ही पिस्तुलं नाहीत. जुनी लष्करी काडतुसं गंज आणणारी असतात, म्हणून त्याच दिवशी नळीत उकळतं पाणी ओता, कोरडी करा, मग तेल.

घरी आणल्यावर

गोदामातलं ग्रीस मिनरल स्पिरिटने हळूहळू काढा. सँडपेपर, पॉलिश, नवं ब्लूइंग (पोलादावर चढवायचा निळसर काळा थर) यांपैकी काहीही नको. खुणांसाठीच घेतलीत, त्याच पुसून टाकल्यात तर उरतं काय? लाकडाला थोडं जवसाचं तेल पुरे.

परवान्याच्या वहीशिवाय स्वतःची एक नोंद मराठीतच ठेवा : प्रत्येक ठशाचा फोटो, कुठून घेतली, विक्रेता काय म्हणाला आणि त्यातलं काय पटलं. तुमच्यामागे घरच्यांना या मालाचं काय करायचं, कोणाला विचारायचं, हेही त्यात लिहा. घरात कोणालाच यात रस नसेल तर ते आणखीच गरजेचं.

आणि रेंजवर नेलेली बॅग, जाकीट किंवा पँट घेऊन भारतात जाऊ नका. एखादं विसरलेलं काडतूस विमानतळावरच्या क्ष-किरण यंत्रात दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो, आणि सुट्टीतले दिवस वकिलाकडे जातात. रेंजची बॅग वेगळी ठेवा आणि ती प्रवासाच्या बॅगांबरोबर माळ्यावर टाकू नका.